आधी आवाज, मग बोट

"काही घेत नाही गा ते... फुकट कान गरम करून राहिली."

हे माझ्याबद्दल होतं. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत मंदाताईंचं इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान आहे. माझ्या कानांवर भलेमोठे हेडफोन होते, म्हणून मला ऐकू येणार नाही असं समजून त्या आपल्या भावाला, दिनेशभाऊंना, हे सांगत होत्या. हेडफोनमध्ये तेव्हा काहीच वाजत नव्हतं. मी ऐकू न आल्यासारखा चेहरा केला. त्यात मी एक्स्पर्ट आहे.

पुढे सांगण्याआधी एक गोष्ट – मी भुतंखेतं, चमत्कार असलं काही मानणारी मुलगी नाही. या ग्रुपवरचे तुमचे असे अनुभव वाचतानाही मी प्रत्येकाचं कारण शोधत बसते... सैल वायर, उंदीर, अर्धवट झोप. आणि माझा अनुभव तर शनिवारी सकाळी साडेअकराचा. एप्रिल महिना, दोन ट्यूबलाइट, दारात घरघरणारा कूलर. भुताला शोभेल असं तिथे काहीही नव्हतं.

मी चौथ्यांदा आले होते, हे मात्र खरं. मला एकच हेडफोन हवा होता – मेट्रोत गाणी ऐकायला आणि घरी लॅपटॉपवर गाणी बनवायलाही. वाटतं तेवढं सोपं नाही हे. ऐकण्याच्या हेडफोनमध्ये बेस फुगवलेला असतो. मजा येते, पण आपल्या गाण्यात खरंच काय आहे ते कळत नाही. माझा साधा तबला त्यात वरातीतला ढोल वाटायचा. शिवाय वायरलेस म्हटलं की आवाज उशिरा पोचतो. आधी बोट, मग क्षणभराने सूर. नुसतं ऐकताना ते जाणवत नाही, पण वाजवताना आपण आपल्याच मागे धावतोय असं वाटतं.

त्या दिवशी काहीतरी घेऊनच जायचं होतं. जुने हेडफोन मोडले होते आणि दुसऱ्या दिवशी दादाच्या मुलीचं बारसं होतं. मी आत्या. "नाव तर तू ठेवशीलच, पाळण्याचं गाणंही तूच बनव," असं दादाने महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. चाल झाली होती, वाद्यं झाली होती. आवाज नव्हता. जिथे गायचं तिथे मी बासरी टाकून ठेवली होती आणि दादाला रोज सांगत होते, "मिक्सिंग बाकी आहे."

खरं कारण वेगळं होतं. आमच्या घरी ळ नाही. बाबा रामटेककडचे, त्यांच्या बोलण्यात डोळा म्हणजे डोया, पाळणा म्हणजे पायना. पाचवीत असताना, इंग्लिश मीडियम शाळेत, मराठीच्या तासाला मी खणखणीत आवाजात "पायना" वाचलं आणि सगळा वर्ग हसला. नंतर ळ शिकले. पण तेव्हापासून मोठ्याने बोलण्याआधी प्रत्येक शब्द मनात तपासून घेते... आणि तपासून होईपर्यंत बोलायची वेळ निघून जाते. गाण्याचा तर पहिलाच शब्द पाळणा!

तर दिनेशभाऊंनी तिसरा हेडफोन काढला. काळा, काचेत ठेवलेला पीस, खोका हरवलेला. मी तो ब्लूटूथने सोबत आणलेल्या लॅपटॉपला जोडला, बॅगेतून वाजवायचा छोटा कीबोर्ड काढून तोही जोडला आणि एक की दाबली.

टुण्... आणि मग माझं बोट कीवर टेकलं.

मी पुन्हा दाबली. पुन्हा तेच. आधी आवाज, मग बोट.

"उशिरा येऊन राहिला न आवाज?" दिनेशभाऊ म्हणाले. "सगळ्यात येते थो."

"नाही... आधी येतोय."

"आधी कसा येईन वं? ब्लूटूथ आहे का ज्योतिषी?"

मग मी त्या हेडफोनला फसवायला गेले. बोट उचललं, जोरात खाली आणलं आणि कीच्या वर थांबवलं. शांतता. दहा वेळा केलं. नुसतं नाटक असेल तर आवाज नाही. खरंच दाबणार असेन, तर बोट पोचायच्या आत सूर हजर! आधी अंगावर काटा आला, आणि मग मला चक्क हसू यायला लागलं.

"मले दे बरं," म्हणत मंदाताईंनी हेडफोन अंबाड्यावर चढवले आणि एका बोटाने की दाबली. त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं माय! दिन्या, हे तं माह्या मनातलं वाजवून राहिलं!"

"तुह्या मनात वाजण्यासारखं काय आहे ताई?" दिनेशभाऊ म्हणाले. त्यांनीही लावून पाहिलं आणि मग हेडफोन उलटा करून आत काय आहे ते बघत बसले.

मी हेडफोन परत घेतले. तबला कसा वाटतो ते ऐकायला गाणं लावलं आणि बासरी बंद केली. सुरुवातीचा तुकडा संपला, गायची रिकामी जागा आली... आणि तिथे कोणीतरी गायलं.

"पायना..."

आवाज माझा होता. मी तो कधीच रेकॉर्ड केला नव्हता. लॅपटॉपचा माइक बंद होता. आणि शब्द लिहिला होता पाळणा, तो गायला होता पायना – अगदी घरातला, मऊ, कुठेही न अडखळणारा.

मला त्या क्षणी एवढंच सुचलं... नाटक असतं तर हा वाजलाच नसता. म्हणजे मी गाणार होते.

आणि मी गायले! हेडफोनमधल्या माझ्या आवाजाच्या अर्धा श्वास मागून, त्याचा हात धरून चालल्यासारखी. कान झाकलेले असले की आपण किती मोठ्याने गातोय ते कळत नाही. डोळे उघडले तेव्हा दुकानाच्या पायरीवर चार-पाच अनोळखी माणसं उभी होती आणि समोरच्या मोबाइल-कव्हरवाल्याने आपला स्पीकर बंद केला होता. मी घाबरून थांबले.

"थांबली काहून वं?" मंदाताई ओरडल्या. "गा न!"

पुढचं कडवंही गायले.

हेडफोन घेतला. घरी आल्यावर तो इतर वायरलेस हेडफोनसारखाच वागला – आधी बोट, मग आवाज, चांगला ठळक उशीर. (म्हणून फुकटचा सल्ला: गाणी बनवणार असाल तर ज्याला केबलही जोडता येते तोच घ्या.) त्याच दुपारी आवाज घुमू नये म्हणून कपाट उघडं टाकून, रजयांमध्ये तोंड घालून, केबल लावून गाणं रेकॉर्ड केलं. दुकानात वाजवलेली फाइल तीनदा तपासली. गायच्या जागी बासरी, बाकी काही नाही. सोमवारी दिनेशभाऊंना विचारलं, तर म्हणाले, "मी कंपनीले फोन नाही करत. हसतीन मले." कारण त्यांना सापडलं नाही, मलाही नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा... पण सापडलं नाही तरी माझं काही अडलेलं नाही.

बारशाचं सांगायचं राहिलं. बाळाच्या कानात नाव सांगून झालं आणि दादाने गाणं लावलं. बाबा घुगऱ्या वाटत होते. पहिला शब्द आला आणि त्यांचा हात पातेल्यातच राहिला.

"पायना म्हनते गा हे," ते दादाला म्हणाले. "आपल्यासारखं. कोन गाऊन राहिलं?"

दादालाही माहीत नव्हतं. मीच गायलेय हे कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि मला गाताना घरात कोणी कधी ऐकलंही नव्हतं. खोलीत तीसेक माणसं होती, आणि मी या वेळी एकही शब्द तपासला नाही.

"मी, बाबा. मीच गाऊन राहिली."