टेलाचं पाणी

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास मी कळंबच्या शाळेत शिकवायचो. शेजारचे आबा निवृत्त पाटकरी. उसाला पाळीपाळीनं कालव्याचं पाणी सोडण्यात त्यांची हयात गेलेली.

परसातही त्यांचा कालवाच चाले. नळाचं पाणी टीचभर चरीतून पेरू, सीताफळ करत कुंपणाजवळच्या बाभळीखाली डबक्यात जाई. पण आबा उकिडवे बसून झाडांची आळी मातीनं बंद करत आणि पहिल्यांदा शेवटचं डबकं भरत. "आदी टेल," एवढंच म्हणत; टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. भोवतीच्या गवताला ते विळा लावू देत नसत. "घरट्याला गवताचं पातं लागतं," म्हणत.

बुलबुल आले, बेडूक आले, एक मुंगूसही येऊन जाई. आबांची नजर मात्र बाभळीच्या रिकाम्या फांद्यांवर. एकदाच बोलले, "टेलाच्या हिरीवर सुगरणीची घरटी लोंबायची, गुरुजी. माझ्या हातनं तितं पाणी कधी पोचलंच न्हाय. वरचं लोक मधीच पाट फोडायचं. हीर आटली, बाभळ वाळली."

त्या उन्हाळ्यात नळ चार दिवसांआड येऊ लागला. एका सकाळी कुंपणावरून मी पाहिलं, तर आबांनी अंघोळीची बादली डबक्यात रिकामी केली आणि ओल्या पंचानं अंग पुसून घेतलं.

पुढं माझी बदली झाली. निरोप घेताना विचारलं, "आबा, सुगरण आली का?"

त्यांनी बाभळीकडं पाहिलं.

"टेल हाय हे, गुरुजी. हितं पोचायला येळ लागतो."