लिंबावरच्या अळ्या

मला अळीची किळस येते. साप निघाला तर मी काठी शोधीन, पण अळी दिसली की चार पावलं मागे सरते. आणि नशिबी आलं ते अळ्या उचलायचंच काम, तेही रोज सकाळी, चहाच्या आधी.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही अहमदपूरहून तिथल्या भाड्याच्या घरात आलो. कचेरीत खुर्च्या पोचल्या नव्हत्या, पण रुबाब जिल्ह्याचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एस.टी.त मांडीवर डालड्याचा डबा घेऊन बसल्या होत्या. डब्यात बेलाचं रोप होतं. गळ्यातल्या इष्टलिंगाला बेलपान वाहिल्याशिवाय त्या तोंडात घास घालत नसत. पान तीन दळांचं हवं आणि अखंड हवं. छिद्र पडलेलं चालत नसे.

रोप अंगणात लावलं. ते माझ्या खांद्याएवढं झालं आणि त्या वर्षी पावसाने दगा दिला. पोळा होऊन गेला तरी जमीन भेगाळलेलीच. नळ आठवड्यातून एकदा नुसता खोकायचा. गल्लीत हिरवी अशी दोनच झाडं राहिली, आमचा बेल आणि भिंतीपलीकडच्या बाईंचं लिंबू. या बाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या बोअरला जेमतेम पाणी होतं. त्यातली एक घागर त्या रोज सकाळी भिंतीवरून आम्हाला द्यायच्या, न मागता. ती नसती तर बेल केव्हाच वाळला असता.

दुसरं हिरवं झाड नाही म्हटल्यावर सगळी फुलपाखरं आमच्या बेलावर. फुलपाखरू बघून लोक हरखतात. त्यांची पिल्लं बघा म्हणावं एकदा! लहान असतात तेव्हा अगदी पाखराच्या विष्ठेसारखी, काळी-पांढरी, ओलसर. मोठी झाली की हिरवी, गुबगुबीत, करंगळीएवढी. काडीने डिवचलं की डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि आंबूस घाण वास सोडतात. साबणाने तो जात नाही. तसल्या बोटांनी मी भाकरी थापायची.

एकदा झाडावर एकही अखंड पान मिळालं नाही. आत्याबाई दिवसभर उपाशी राहिल्या आणि संध्याकाळी त्यांना भोवळ आली. मी घाबरले. तंबाखूचं पाणी मारते म्हणाले, तर त्या उसळल्याच.

"शिवाच्या झाडाला तंबाखू? अन् त्याच्यावरला जीव मारायचा न्हाई. उचल अन् दुसऱ्या झाडावर सोड."

सांगायला काय जातं! त्यांना थोड्याच उचलायच्या होत्या. मी अळ्या डब्यात गोळा करून तुळशीवर सोडल्या. दोन दिवसांत त्या सुकून खाली पडल्या.

"उपाशी मारलीस की गं," आत्याबाई म्हणाल्या.

लिंबाची एक फांदी भिंतीवरून आमच्याकडे झुकली होती. एक अळी मी तिच्यावर ठेवून पाहिली. ती लगेच पान कुरतडायला लागली. मग रोजचा डबा तिकडेच जाऊ लागला. बेलाला कोवळी पालवी आली. आत्याबाई वेळेवर जेवू लागल्या, तुझ्या हाताला गुण हाय म्हणू लागल्या. मी खूश व्हायचे, हे आता सांगायला लाज वाटते.

दोन आठवड्यांनी बाईंनी भिंतीवरून हाक मारली. त्यांच्या चिमटीत लिंबाची डहाळी होती, पानाचं नाव नाही, देठाला दोन अळ्या चिकटलेल्या. ज्या झाडाची लिंबं त्या उन्हाळ्यात गल्लीभर वाटायच्या, त्याच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या.

"वैनी, काय घाण लागलीय बघा. तुमच्या बेलाला कशी न्हाई वो? काय औषध मारता?"

खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. पण मग घागर बंद झाली तर? तोंडातून निघालं ते तंबाखूचं पाणी. संध्याकाळी मूठभर तंबाखू भिजत घाला, सकाळी गाळून साबणाचा चुरा टाका आणि पानांना खालून शिंपडा. औषध खरं होतं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी घागर अर्धीच आली.

"आज एवढंच हाय वैनी. झाडाला लागलं."

त्याच्या दुसऱ्या सकाळी बेलावर सहा नव्या अळ्या होत्या. आत्याबाई अंघोळ करून, लिंग तळहातावर घेऊन पानाची वाट बघत बसलेल्या. मी अळ्या डब्यात घेतल्या. भिंतीपाशी गेले. लिंबाखाली काळ्या पडलेल्या मेलेल्या अळ्या दिसत होत्या, वर फांदीला एक कोवळा फुटवा आला होता. मी डबा त्याच्यावर उपडा केला.

मागे वळणार तोच भिंतीपलीकडे बाई आल्या. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. हातात घागर होती, काठोकाठ भरलेली.

"काल अर्धीच दिली, लई वाईट वाटलं बघा. धरा."

माझ्या बोटांना तो आंबूस वास तसाच होता. माझीच मला किळस आली. घागर मात्र मी घेतली.