बारा नंबरची किल्ली

अर्लीन क्रुपा दर शुक्रवारी ऑफिसातली भिंतीवरची पाटी पुसायची. टोलेडो शहरातल्या त्या साठ बिऱ्हाडांच्या इमारतीत ती एकोणीस वर्षं भाड्याचं काम बघत होती. पाटी कायद्याने लावावी लागायची: वंश, रंग, धर्म बघून कुणालाही घर नाकारणार नाही, आणि कुणी नाकारलंच तर तक्रारीसाठी फोन नंबर. पाटी बरोबर तिच्या खुर्चीमागे होती. ती पुसताना अर्लीन तिच्यावरचं काही वाचत नसे.

वाचायची गरजही नव्हती. मालक गेर्लाख यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "काळं माणूस आलं तर काही रिकामं नाही. गोड बोलून सांगायचं. तू गोड बोलतेस, म्हणून तर तुला घेतलं." अर्लीन खरंच गोड बोलायची. नाही म्हणताना ती वाटीतली पेपरमिंटची गोळी पुढे करायची.

मार्चमधल्या मंगळवारी सकाळी दार उघडलं आणि वर्डेल टिब्ज आत आली.

अर्लीनने तिला दारातच ओळखलं. नोव्हेंबरमध्ये अर्लीनची आई इस्पितळात होती, तेव्हा दुपारच्या पाळीला हीच आया असायची. आई शेवटी शेवटी इंग्रजी विसरली, नुसती पोलिश बोलायची. वर्डेलने एकदा अर्लीनला विचारून ‘वोदा’ म्हणजे पाणी हे तळहातावर लिहून घेतलं होतं. ती आईचे केस विंचरायची, आणि विंचरताना तिच्याशी बोलायची, जणू आईला सगळं कळत होतं.

"आम्हाला दोन खोल्यांचं घर हवंय," वर्डेल म्हणाली. "नवरा काचेच्या कारखान्यात आहे. पेपरात जाहिरात बघितली."

बारा नंबरची किल्ली अर्लीनच्या समोरच्या खणात होती. तिने वर मान न करता रजिस्टरचं पान उलटलं.

"अगंबाई! कालच गेलं बघा. एक दिवस आधी आला असतात तर!"

तिने गोळ्यांची वाटी पुढे सरकवली. वर्डेलने गोळी घेतली नाही. ती क्षणभर अर्लीनच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग तिच्या डोक्यावरून मागे भिंतीकडे. पर्समधून पेन्सिल काढून तिने काहीतरी टिपून घेतलं. ऑफिसचा फोन नंबर घेत असेल, असं अर्लीनला वाटलं. "पुन्हा चौकशी करा हं," ती मागून म्हणाली.

ती गेल्यावर अर्लीनने नेहमीसारखं कार्ड भरलं. येणाऱ्या प्रत्येकाचं ती कार्ड भरायची: नाव, वेळ, काय हवं, काय सांगितलं. टिब्ज, दहा वीस, दोन खोल्या, रिकामं नाही. दुपारी हॅडली नावाची एक गोरी बाई आली. तिला अर्लीनने बारा नंबर दाखवला, स्वयंपाकघरातलं ऊनही दाखवलं. हॅडली, दोन चाळीस, बारा नंबर दाखवला, शनिवारपासून मोकळा. दोन्ही कार्डं एकामागे एक डब्यात गेली. तिच्या हाताला ती सवयच होती.

हॅडलीबाईला घर नकोच होतं. वर्डेलने पाटीवरच्या नंबरला फोन केला होता, आणि तिथल्या लोकांनी खात्री करायला हॅडलीबाईला पाठवलं होतं. हे अर्लीनला कळलं ते दोन आठवड्यांनी, ईस्टरच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी, चौकशी अधिकारी समोर बसल्यावर. हा पेटिट नावाचा तरुण माणूस होता, बुटांना चिखल लागला होता म्हणून दारातच संकोचला होता.

"बारा नंबर मिस्टर गेर्लाखच्या पुतण्याला आधीच कबूल केला होता, आणि दुपारी तो नको म्हणाला. असंच ना, मिसेस क्रुपा?" पेटिटने गेर्लाखनी दिलेला जबाब वाचून विचारलं.

गेर्लाख खिडकीशी उभे होते.

"हो," अर्लीन म्हणाली. "असंच."

पेटिट गेल्यावर गेर्लाखनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "शाब्बास! आता ती कार्डं फाड आणि नवी लिही. पुतण्याचं नाव घाल." जाताना त्यांनी दरवर्षीसारखा ईस्टरचा हॅम, डुकराची खारवलेली मांडी, टेबलावर ठेवला. या वर्षी तो मोठा होता.

अर्लीनने नवी कार्डं लिहिली. जुनी मात्र फाडता येईनात. एकोणीस वर्षांत तिने एकही कार्ड फाडलं नव्हतं. ती पर्समध्ये घालून घरी आली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तिने चर्चमध्ये आशीर्वादासाठी न्यायची खाण्याची टोपली भरायला घेतली. रंगवलेली अंडी, पाव, लोण्याचं कोकरू, आईच्या हातचा भरतकामाचा रुमाल. हॅम फ्रिजमध्येच होता.

"हॅम कुठाय?" तिचा नवरा लेओ म्हणाला. "फादर पाणी काय नुसत्या अंड्यांवर शिंपडणार?"

"गेर्लाखनी दिलाय."

"मग? डुक्कर काय त्याच्यासारखं प्रोटेस्टंट आहे?"

अर्लीन हसली नाही. मग तिने त्याला सगळं सांगितलं. वर्डेलचं, तळहाताचं, कार्डांचं. लेओ लोण्याच्या कोकराकडे बघत राहिला.

"तुझ्या आईच्या प्रेताला कपडे घालायला तीच होती ना तुझ्याबरोबर?"

"तीच."

"आणि तू तिला गोळी दिलीस?"

त्या वर्षी टोपली हॅमशिवाय गेली. मंगळवारी अर्लीन बस बदलून पेटिटच्या ऑफिसात गेली आणि दोन्ही कार्डं त्याच्यापुढे ठेवली. "मागच्या वेळी मी खोटं बोलले," ती म्हणाली. पेटिटने तिची वाहवा केली नाही, रागावलाही नाही. त्याने ते लिहून घेतलं आणि सही मागितली. बसमध्ये परत येताना तिला वाटत होतं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही.

गेर्लाखच्या वकिलाने समेट केला. घर टिब्जना द्यायचं आणि अर्लीनला कामावरून काढायचं नाही, दोन्ही त्यात होतं. गेर्लाख तिच्याशी बोलायचे बंद झाले. काही सांगायचं तर चिठ्ठी ठेवायचे.

मेच्या पहिल्या शनिवारी वर्डेल किल्ली घ्यायला आली. बाहेर तिचा नवरा ट्रकमधून गादी उतरवत होता. अर्लीनने त्या दिवशी वाटी टेबलावरून काढून ठेवली होती. वर्डेलने कागदांवर सह्या केल्या आणि पेन खाली ठेवलं.

"एक विचारू, मिसेस क्रुपा? त्या दिवशी तुम्ही मला ओळखलं नव्हतं ना? मी घरी तेच सांगितलं. म्हटलं, बाई बिचारी आईच्या दुःखात होती, तिला कुठले चेहरे आठवणार!"

तिने प्रश्नाचं उत्तर अर्लीनच्या हातात आयतं दिलं होतं. नुसती मान हलवली की झालं असतं. वरच्या मजल्यावर तीच बाई राहणार, रोज जिन्यात भेटणार.

"ओळखलं होतं," अर्लीन म्हणाली. "तुम्ही दारात होतात तेव्हाच."

किल्ली अर्लीनच्या पुढे केलेल्या हातात होती. वर्डेलने ती तिच्या तळव्याला स्पर्श न होऊ देता, दोन बोटांनी टोकाला धरून उचलली आणि बाहेर गेली.

"मिळाली का गं?" बाहेरून तिच्या नवऱ्याचा आवाज आला.

"मिळाली," वर्डेल म्हणाली. "आधी गादी वर ने."