ठिपक्यावरचा लाल रंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, रूममेटला नाही. आत्ता लिहितानाही सारखी दाराकडे बघतेय — कोण येणार आहे? कुणी नाही. तरी बघतेय.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. पप्पा इथे अमेरिकेत, कॅरी गावाजवळ, औषधांच्या गोदामात पॅकिंग करतात. मला चित्रकला शिकायचीय हे त्यांना पटवण्यातच वर्ष गेलं. प्रवेशासाठी स्वतः काढलेली दहा चित्रं द्यायची होती. मी विषय घेतला चिनी ऑपेरा. का? आमच्या लायब्ररीमागच्या हॉलमध्ये काही चिनी आजी-आजोबा दर शनिवारी त्याची तालीम करायचे, आणि कोपऱ्यात बसून स्केच करणाऱ्या मला कुणी हाकलत नव्हतं. एवढंच.

त्यांच्यात मिस्टर लिन होते. त्या ऑपेरात नट आपला चेहरा आपणच रंगवतो. ते आरशासमोर बसायचे आणि भुवईची रेघ एका झटक्यात कानशिलापर्यंत न्यायचे. तीच रेघ माझ्या कागदावर मध्येच अडखळायची. एकदा त्यांनी मला कागदावर एक चेहरा रंगवून दिला — लाल तोंडाचा, लांब दाढीचा सेनापती. त्याला ते लोक देव मानतात. "घरी ने, बघून काढ," म्हणाले. "घाई नको."

मी काढला. सात वेळा. सातही वेळा माझा सेनापती नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसला. नऊ चित्रं तयार होती, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती, आणि —

सांगते. मी त्यांचं चित्र दहावं म्हणून दिलं. खाली माझी सही केली.

अजून एक. त्या चित्रात नाकाशेजारी, गालावर, एक बारीक काळा ठिपका होता. मला वाटलं, म्हातारा हात, ब्रश टेकला असेल चुकून. मी लाल रंग कालवला आणि तो झाकला. छान जमलं. तेव्हा मला जरा बरंसुद्धा वाटलं — आपणही यात काहीतरी केलं म्हणून. हेही लिहायलाच हवं.

प्रवेश मिळाला. कॉलेजने नव्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, त्यात नेमकं तेच चित्र दारासमोर लावलं. पप्पा ओळखीच्या काका-काकूंना घेऊन आले. "बघा, एकटीने काढलंय पोरीने!" काकू म्हणाल्या, "माझा पण काढ गं चेहरा, फक्त हनुवटी एकच ठेव." सगळे हसले. मीही. आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले मिस्टर लिन आत आले. प्रदर्शनाची सूचना लायब्ररीच्या बोर्डावर वाचून आले होते.

ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग स्वतःच्या गालाला बोट लावून त्यांनी मला विचारलं, "ठिपका कुठे गेला?"

कसला ठिपका, पप्पांनी विचारलं. मिस्टर लिन सावकाश सांगू लागले. हा देव आहे. माणसाने हुबेहूब देव होऊ नये, म्हणून नट चेहरा रंगवून झाला की एक डाग मुद्दाम ठेवतो. त्याशिवाय आम्ही स्टेजवर पाय ठेवत नाही.

पप्पा माझ्याकडे बघत होते. मिस्टर लिन एक शब्द बोलले असते तर? मीच घाईघाईने म्हणाले, "सॉरी, मला माहीत नव्हतं. काढताना राहून गेला."

काढताना. त्यांच्यासमोर. त्यांच्याच चित्रासमोर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पप्पांना म्हणाले, "मुलगी मेहनती आहे," आणि निघाले. पप्पा त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. हात जोडून, वाकून.

याला दोन वर्षं झाली. मी त्या हॉलकडे परत गेले नाही. चित्र आता डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये आहे, म्हणून मी मागच्या जिन्याने जाते. प्रोफेसरांचा ईमेल दिसला की उघडण्याआधी विषयाची ओळ दोनदा वाचते. पण नक्की कुणाला घाबरते मी? मिस्टर लिनना सांगायचं असतं तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. पप्पांच्या फोनमध्ये त्या चित्राचा फोटो आहे. चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात ते तो प्रत्येकाला दाखवतात, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवते.

भुवया मिस्टर लिनच्या आहेत. डोळे त्यांचे, दाढी त्यांची. माझं त्यात नाव आहे, आणि ठिपक्यावरचा तो लाल रंग.