बिस्ट्रोतला दुखवटा

नारायण मास्तरांचा फोन आला तेव्हा गहिनीनाथ गोठ्यात होता. "उद्या बारा वाजता राहुरीला ये, जेवायला. का ते विचारू नकोस," एवढं बोलून मास्तरांनी फोन ठेवलाही. देवळालीच्या शाळेपासूनची साठ वर्षांची दोस्ती, पण मास्तरांनी याला हॉटेलात कधी जेवायला नेलं नव्हतं. गहिनीनाथाचं डोकं चालेना.

तसंही ते महिनाभर चालत नव्हतंच. महिन्यापूर्वी त्याचा थोरला भाऊ कानिफनाथ गेला. दोघांची शेतं लागून, विहीर एक, आणि तिच्या पाण्याच्या पाळीवरून एकोणीस वर्षं अबोला. आता बघा, हा माणूस पाटकरी. सगळी नोकरी कालव्यावर पाणी सोडण्यात गेली, गावोगावची पाण्याची भांडणं यानं मिटवली, आणि घरच्या विहिरीवर मात्र याचं डोकं फिरलं! भाऊ गेला त्या दिवशी हा मसणवाट्यात गेला, पण लांब बाभळीखाली उभा राहिला. दहाव्याला तर गेलाच नाही. भेटायला येणारी माणसं याच्या दारावरून पुढं भावजयीकडं जायची, याला कुणी काही विचारायचं नाही. रडावं तर कोणत्या तोंडानं? आणि न रडावं तर घास उतरत नाही. तेरा दिवस त्यानं दाढी केली नाही, आणि बायकोनं, रंगुबाईनं, विचारलं तर म्हणाला, "ब्लेड संपलंय." आपल्याला सुतक आहे की नाही, हेच बिचाऱ्याला कळत नव्हतं.

राहुरीत मास्तर त्याला घेऊन गेले ते थेट कॉलेजच्या पोरांच्या अड्ड्यावर. पाटीवर 'बिस्ट्रो' असं लिहिलेलं.

"म्हंजी काय रं, नाऱ्या?"

"मलाही माहीत नाही. बस."

मालकीण स्नेहल, पंचविशीची पोर, वही घेऊन आली. "आजोबा, पास्ता रेड सॉसमध्ये देऊ की व्हाइट?" गहिनीनाथानं मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी छताकडं. शेवटी पांढरा आला. गहिनीनाथ चमच्यानं तो नुसता चिवडत बसला.

"तुझ्या मनात हाय तरी काय? आजारी-बिजारी न्हाईस ना?"

"गप जेव."

मग ब्राउनी आली, काळीकुट्ट, वर आइस्क्रीम. मास्तर उठले. पिशवीतून त्यांनी नवी पांढरी टोपी काढली, गहिनीनाथाच्या डोक्यावर ठेवली, खांद्यावर कोरा टॉवेल टाकला. शेजारची पोरं मोबाईल सोडून बघायला लागली.

"ह्ये काय?"

"दुखवटा."

गहिनीनाथ चपापला. घरातलं माणूस गेलं की सोयऱ्याधायऱ्यांनी टोपी-टॉवेल द्यायचा, गोड घास भरवायचा, मग दुःख बाजूला ठेवून कामाला लागायचं. ही रीत त्यानं स्वतः कितीतरी घरी जाऊन केलेली. पण त्याच्या दारी कोण येणार होतं?

"काय तरीच काय! आमचं बोलनं बंद हुतं. मला कसला दुखवटा?"

"बोलणं बंद होतं. भाऊ होता की नव्हता?"

"पर ह्ये शास्त्रात बसतं का?"

"भिक्षुकाच्या पोराला शास्त्र शिकवतोस होय रे? गावात केलं असतं तर भावकीनं तुझे वाभाडे काढले असते, म्हणून इथं आणलं. शिरा काही इथं मिळत नाही. हे खा." आणि मास्तरांनी ब्राउनीचा घास त्याच्या तोंडाशी धरला.

घास तोंडात गेला आणि गहिनीनाथ भडभडून रडला. भर दुपारी, पोरापोरींसमोर, लाजलज्जा सोडून. स्नेहल पाणी घेऊन धावत आली.

"काय झालं, आजोबा?"

"माझा भाऊ गेला, पोरी." महिनाभरात हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता.

स्नेहल खुर्ची ओढून शेजारी बसली. अशा वेळी सगळेच विचारतात, तेच तिनंही विचारलं. "कसं झालं हो?"

गहिनीनाथानं खांद्यावरच्या नव्या टॉवेलानं डोळे पुसले. ॲटॅक आला, एवढं गावात कानावर आलेलं. पण त्या रात्री दादा जेवला होता का, शेवटचं पाणी कुणी पाजलं, जाताना त्यानं कुणाचं नाव घेतलं, यातलं काही म्हणता काही त्याला ठाऊक नव्हतं.

"मला न्हाई म्हाईत," तो म्हणाला. "वैनीला इचारावं लागंल."