सिस्टरांचा मराठी सिनेमा

‘आधी बसा, मंग भांडा.’

तक्रार घेऊन आलेल्या कोणालाही आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर हेच म्हणत आणि खुर्ची पुढे सरकवत. माणूस टेकला की त्याचं निम्मं भांडण तिथंच उतरायचं. तुम्हीही करून पाहा, बसल्या बसल्या नीट ओरडता येत नाही.

मी भंडाऱ्याच्या त्या मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचो. सिस्टर मूळच्या केरळच्या. पण ‘काहून’ आणि ‘कायले’ त्यांच्या तोंडी इतके पक्के बसले होते की, उलट त्याच मला म्हणायच्या, ‘सर, साधं बोला ना. पोरं घाबरतात तुमच्या मराठीले.’

नाताळच्या सुट्टीआधी त्या हॉलमध्ये हॉलिवूडचा एक जुना काळा-पांढरा सिनेमा दाखवत. त्यात एक फादर आणि एक सिस्टर मिळून शाळा चालवतात आणि सारखे वाद घालतात. पोरांना ते इंग्रजी समजेना, म्हणून सिस्टर आवाज बंद करून पडद्याशेजारी उभ्या राहत आणि सगळ्यांचं बोलणं स्वतःच बोलत. फादरसाठी जाड आवाज, सिस्टरसाठी स्वतःचा. ‘काहून जी फादर, माह्या वर्गात कायले आले?’ पोरं हसून लोळायची. तो अमेरिकेतला फादर भंडाऱ्यात पोह्यांवर तर्री मागायचा!

एका वर्षी नेमका सिनेमा सुरू होताना नववीतल्या रोशनीचे वडील आले. आंधळगावकडचे, तलावात मासे धरणारे. रोशनी आमच्या वसतिगृहात राहायची.

‘सिस्टरबाई, पोरीले न्याले आलो. शाळा पुरे झाली आता.’

‘आधी बसा, मंग भांडा,’ सिस्टर म्हणाल्या आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. पलीकडे रोशनी मान खाली घालून बसली होती.

थोड्या वेळानं पडद्यावरचा फादर जाड आवाजात म्हणाला, ‘पोरीले शाळेतून काढाले कोण आलं? त्यानं आधी माह्याशी बोलावं!’

रोशनीचे वडील ताडकन उभे राहिले. ‘सिस्टरबाई, तो फादर तं तोंड मिटून बसला आहे!’

सगळ्या हॉलमध्ये हशा फुटला. सिस्टरही पोटाला हात लावून हसल्या. मग त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, ‘हो भाऊ, मीच बोलून राहिली. सांगा, काय झालं?’

बायको घसरून पडली होती, पाय मोडला होता. घरी दोघंच. रांधणार कोण?

‘तुमाले भात येत नाही?’

‘मासे धरता येते. भात कोणी शिकवला मले?’

‘मी शिकवतो,’ सिस्टर म्हणाल्या. चिडल्या किंवा आनंदल्या की त्यांचं व्याकरण पुन्हा केरळला जायचं.

आणि खरंच, रविवारी एसटीनं त्या आंधळगावला उतरल्या, पुढे रोशनीच्या घरापर्यंत चालत गेल्या. मी सोबत होतो. पहिला भात खाली लागला, वरणात मीठ दोनदा पडलं. खाटेवरची रोशनीची आई हसता हसता रडायला लागली. ‘सिस्टरबाई, वीस वर्षांत यायनं चूल पेटवली नव्हती जी!’ सिस्टरांनी खोबरं घालून मासे केले, तेव्हा मात्र घरधनी गुरू विसरले. ‘हे काय मासे आहेत? हा तं शिरा झाला!’

पुढच्या रविवारी भात मोकळा झाला. रोशनी वसतिगृहातच राहिली. ती आता नागपूरला नर्सिंग शिकते.

सिस्टरांची बदली झाली तेव्हा त्यांनी निरोपसमारंभ होऊ दिला नाही. एका सकाळी मी त्यांची बॅग घेऊन बसस्टँडवर गेलो. नागपूरच्या गाडीत भाजीवाल्या बाईशेजारी त्यांना जागा मिळाली. बॅग वर ठेवून मी खाली उतरलो, खिडकीशी येऊन हात हलवला. त्यांनी पाहिलंच नाही. त्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून त्यांना गाढ झोप लागली होती. बाईनं मला डोळ्यांनीच खुणावलं, हाक मारू नका, आणि मांडीवरची मेथीची टोपली जरा पलीकडे सरकवली.