दुखतंय म्हणायची मुभा

मॅट्रिक झाल्यावर मला कोल्हापुरातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे नोकरी लागली. काम सोपं होतं. डॉक्टरांनी हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन दिलं की घड्याळ बघायचं, त्यांनी पक्कड लावली की परत बघायचं, आणि दात निघाल्यावर रोग्याला विचारायचं, दुखलं का? उत्तर वहीत लिहायचं.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं आणि बधिर करायचं एक नवं औषध आलं होतं. जुन्या औषधाला बराच वेळ लागे. हे लवकर लागू पडतं म्हणत. किती लवकर, ते डॉक्टरांना पडताळून पाहायचं होतं. ते प्रत्येकाला आधी समजावून सांगत, आणि जो राजी असेल त्याचीच नोंद वहीत होई.

वही झकास भरत चालली. शेतकरी, गुळाचे व्यापारी, मास्तर, तालमीतले पैलवान, सगळ्यांचं उत्तर एकच, "न्हाई दुखलं." पाच मिनिटं थांबलं तरी 'नाही', चार मिनिटं थांबलं तरी 'नाही', म्हणून डॉक्टर तीनवर आले. मी ऐटीत 'नाही' लिहीत होते आणि स्वतःला मोठी संशोधक समजत होते. एका पैलवानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलेलं मी पाहिलं; तो नाही म्हणाला आणि मी नाही लिहिलं. डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतल्यावर त्यांच्या तोंडावर दुखलं म्हणणं म्हणजे कुणाकडे पाहुणचार घेऊन भाजी अळणी होती म्हणण्यासारखं. मी याच मातीतली, मला हे कळत नव्हतं थोडंच? पण कळून न कळल्यासारखं केलं, याची मला आजही शरम वाटते.

मग आईचीच दाढ ठणकायला लागली. आजऱ्याजवळच्या आमच्या गावाहून ती सुजलेला गाल आणि डॉक्टरांसाठी घनसाळ तांदळाची पिशवी घेऊन आली. डोक्यावरचा पदर सावरत खुर्चीत बसली आणि डॉक्टरांच्या सगळ्या सांगण्याला मान डोलावली. इंजेक्शन झालं. तीन मिनिटं झाली. डॉक्टरांनी पक्कड लावून जरा दाब दिला आणि त्यांनीच विचारलं, दुखतंय का?

"न्हाई," आई म्हणाली.

माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. बोटं घट्ट आवळलेली होती. मागं हातावर आधणाचं पाणी सांडलं होतं तेव्हाही ती काय न्हाई म्हणाली होती, आणि पायांची बोटं अशीच आवळली होती.

"थांबा डॉक्टर," मी म्हणाले. "ती खोटं बोलतीया. दुखतंय तिला."

आईनं माझ्याकडे असं बघितलं, की घरी गेल्यावर माझी धडगत नव्हती. डॉक्टरांनी पक्कड खाली ठेवली, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि खरं काय ते हळू आवाजात विचारलं. तेव्हा ती बोलली, "तुमी एवढं करतायसा. दुखतंय म्हनलं तर तुमास्नी वाईट वाटंल की."

त्यांनी आणखी थोडं औषध दिलं, चांगली दहा मिनिटं थांबले आणि मग दाढ काढली.

आई बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर त्यांनी वही मागितली. असे आणखी किती, म्हणाले. मी रडत रडत पैलवानाचं सांगितलं, बाकीच्यांचं सांगितलं. नोकरी गेलीच असं मी धरून चालले होते. त्यांनी एकेका पानावर आडवी रेघ मारली. कित्येक महिन्यांचं काम होतं ते. मग म्हणाले, विचारायची पद्धतच चुकली, ती चूक माझी. उद्यापासून नव्यानं सुरू करू.

दुसऱ्या दिवसापासून ते इंजेक्शनच्या आधीच प्रत्येकाला सांगू लागले, दुखलं की डावा हात वर करा, तुम्ही खरं सांगितलंत तर माझं काम सुधारतं. वहीत 'हो' येऊ लागले आणि मिनिटं परत वाढली. एवढा शिकलेला माणूस एका मॅट्रिक झालेल्या पोरीसमोर चूक कबूल करतो, हे मी तिथं पाहिलं. त्यांचे उपकार माझ्यावर आहेतच, पण त्याहून मोठे आईवर आहेत.

दोन वर्षांनी तिची दुसरी दाढ काढायची होती. या वेळी वेळ पुरेसा दिला होता, तरी मध्येच तिचा डावा हात भीत भीत वर आला. तिला दुखतं, असं तिनं कुणाला सांगितलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. डॉक्टर तिथल्या तिथं थांबले, बरं झालं सांगितलंत म्हणाले आणि परत औषध दिलं.

घरी जाताना आई गालावर पदर धरून चालत होती. मध्येच उभी राहिली आणि मला म्हणाली, "थांबलं की गं डाक्टर."